शाळेच्या इतिहासात अनाथालयातल्या मुली कुठे आहेत?

सुईदोरा:
माझी आई पुण्यातल्या एका कॉन्व्हेंटच्या अनाथालयात वाढली. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एका शाळेची उणीदुणी काढायला हा धागा नाही. मागच्या महिन्यात एका ओळखीच्या बाईंनी शाळेची स्मरणिका आणून दिली. गुळगुळीत कागद, जुने फोटो, पहिल्या मदर बोटीने आल्या तिथपासून सगळं, घंटा कधी बसवली, पियानो कुठून आला, मॅट्रिकला कोण पहिली आली. आई (वय ७६) भिंग घेऊन दोन दिवस पानं उलटत होती. अनाथालयावर किती, तर अडीच ओळी. निराधार मुलींनाही आसरा दिला, बास.

त्या मुली शाळेच्याच आवारात राहायच्या हो. पहाटे साडेपाचला उठून लांबच लांब व्हरांड्याच्या लाल फरशीला मेण लावायचं आणि नारळाच्या सोडणाने चकचकीत होईस्तोवर घासायचं, मग बाकीच्या मुली रांगेने वर्गात जायच्या ते त्याच फरशीवरून. दुपारी शिवण. बोर्डर मुलींच्या उशांच्या अभ्र्यांवर लाल दोऱ्याने त्यांच्या नावांची आद्याक्षरं भरायची. आई इंग्लिश अक्षरं पाटीवर नाही, त्या अभ्र्यांवर शिकली. तिच्या स्वतःच्या कपड्यांवर नंबर होता, ३१.

तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, एका सिस्टरची तर ती अजून आठवण काढते. पण शाळा आणि अनाथालय या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच, आणि एकीचा इतिहास दुसरीला वगळून लिहिला तर तो अर्धा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना विचारा, लिहून घ्या, रजिस्टरं सांभाळा. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला:
ताई, आईंबद्दल आदर आहे पण मुद्दा पटला नाही. तेव्हा दुसरं होतंच काय ते बघा ना. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये याच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते का काढलं? विधवांची मुलं जन्मतःच मारली जात होती म्हणून. त्यातल्याच एकाला त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं, यशवंतला. अशी घरं आपल्या समाजाने किती उघडली, हाताच्या बोटांवर मोजा. अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम निघाला १८९६ मध्ये, तोही मुख्यतः विधवांसाठी. दुष्काळ, १८९७ चा प्लेग, यात जी मुलगी जातगोत माहीत नसलेली उरली तिला कोण दारात घेणार होतं? सिस्टर्सनी घेतलं.

आणि कामाचं म्हणाल तर वार लावून जेवणाऱ्या मुलांकडूनही आपल्याच वाड्यांमधून पाणी भरून घेत होते की. माझ्या आजोबांनी सदाशिवात असंच शिक्षण केलं आणि मरेपर्यंत त्या घरांचं नाव आदराने घेतलं. फरशी घासली म्हणून कोणी गुलाम होत नाही.

सुईदोरा:
गुलाम शब्द मी वापरलेला नाही. आणि तुमच्या आजोबांनी कोणाकडे वार लावले ते तुम्हाला माहीत आहे, घरात सांगितलं जातं. आईचं कुठे लिहिलंय? मी एवढंच विचारतेय.

नगररोडवाली:
मी कॅथलिक, माझी आत्या सिस्टर होती, चाळीस वर्षं कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात गेली तिची. लोकांना माहीत नसतं पण पूर्वी बऱ्याच संस्थांमध्ये सिस्टर्समध्येच दोन थर असायचे, शिकलेल्या घरच्या त्या शिकवायच्या आणि प्रार्थनेच्या गायनात बसायच्या, गरीब घरच्या त्या रांधणं, धुणं, बाग बघायच्या. १९६२ ते ६५ व्हॅटिकनमध्ये मोठी परिषद झाली त्यानंतर हे मोडलं. म्हणजे अनाथ मुलींना मुद्दाम खाली ठेवलं असं नाही, ती सगळी रचनाच तशी होती.

दुसरं, शाळा आणि अनाथालय शेजारी का, तर त्यामागे विचार आहे. जीझस अँड मेरी सिस्टर्सचं उदाहरण घ्या. संस्थापिका क्लोदिन थेवने, फ्रान्समधल्या लियोंची. क्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये तिच्या दोन भावांना मारलं, जाताना ते सांगून गेले की मारणाऱ्यांना माफ कर. तिने पुढे पोरक्या मुली गोळा केल्या, त्यांना रेशीम विणायला शिकवलं, १८१८ मध्ये संस्था केली, आणि ऐपतवाल्या घरच्या मुलींसाठी फी घेऊन बोर्डिंगही चालवलं. १८४२ मध्ये तिच्या सिस्टर्स आग्र्याला पोचल्या तेही असंच काम घेऊन. फीवाल्यांच्या पैशावर बिनफीवाल्या जगतात असा तो हिशोब आहे. तुम्ही म्हणताय ते उलटं आहे.

सुईदोरा:
हिशोब दोन्हीकडून लागतो ना पण. फीचे पैसे वहीत लिहिले जातात, घासलेली फरशी आणि भरलेले अभ्रे लिहिले जात नाहीत. त्या कामाला माणसं ठेवली असती तर पगार द्यावा लागला असता. आत्यांच्या बाबतीतही तेच झालं असणार, त्यांचं नाव तरी कुठल्या स्मरणिकेत आहे का?

नगररोडवाली:
नाही. कबरीवर आहे.

कसब्यातून:
मूळ गोष्ट सगळे टाळताय, धर्म. लहान जीव आणायचा, नाव बदलायचं, बाप्तिस्मा द्यायचा, त्याला विचारलंय कोणी? पुण्यात यावरून १८९३ मध्येच रान उठलं होतं, शारदा सदनावरून, म्हणजे पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या निवासी शाळेवरून. पंडिता रमाबाई या नन्सकडेच इंग्लंडला जाऊन ख्रिस्ती झाल्या आणि पुढे पालकांनी सदनातून मुली काढून नेल्या. सेवेच्या आडून हे चाललं ते इतिहासात यायला पाहिजे.

पेठेतला:
त्या नन्स कॅथलिक नव्हत्या. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सिस्टर्स, आपल्या पंचहौदला मिशन होतं तेच लोक, १८९० मध्ये टिळक-रानडे जिथे चहा प्यायले आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचं प्रकरण झालं तिथले. वेगळं पंथ-प्रकरण आहे, गल्लत नको. शिवाय रमाबाई १८८३ मध्ये स्वतःच्या बुद्धीने ख्रिस्ती झाल्या, त्या पाळण्यातल्या नव्हत्या.

सुईदोरा:
कसब्यातून, प्रश्न रास्त आहे आणि तोही लिहिला जावा. आईपुरतं सांगते. तिला बदलायला नाव नव्हतंच, चार-पाच दिवसांची होती. ख्रिस्ती नाव मिळालं, लग्नानंतर सासरी आजीने मराठी नाव ठेवलं. दोन्ही वेळा तिला कोणी विचारलं नाही. आपण दुसऱ्या वेळेबद्दल कधीच वाद घालत नाही.

आडवाट:
आयर्लंडचं ट्युअम कोणी वाचलंय का? तिथे नन्स चालवत असलेलं मायलेकरांचं घर, १९२५ ते १९६१. गावातल्या कॅथरीन कॉर्लेस या इतिहासाची आवड असलेल्या बाईने मृत्यूचे दाखले एकेक करून काढले, ७९६ मुलांचे, आणि पुरल्याची नोंद जवळजवळ कुणाचीच नाही. २०१७ मध्ये चौकशी आयोगाने तिथे जमिनीखाली बालकांचे अवशेष असल्याचं सांगितलं. एका बाईने कागद मागितले म्हणून कळलं. रजिस्टरं हवीतच.

नगररोडवाली:
आयर्लंडचं पाप पुण्याच्या सिस्टर्सच्या माथी मारू नका. मला फार लागलं हे वाचून.

आडवाट:
माथी मारत नाहीये. कागद नसेल तर जिने जीव लावला त्या सिस्टरची बाजू तरी कशी मांडणार, एवढंच.

संस्थेत_काम:
मी बालगृहात समुपदेशक आहे. जरा सावकाश घ्या. २०१५ च्या बालन्याय कायद्याने अशा घरांची नोंदणी बंधनकारक आहे, आणि नोंदी गोपनीय असतात ते मुलांच्याच भल्यासाठी. दत्तक गेलेली मुलगी मोठी झाल्यावर स्वतःचं मूळ शोधायला अर्ज करू शकते, तिच्या वतीने तिसरा माणूस मूळ शोधू शकत नाही, आणि जन्मदात्या आईची गोपनीयता जपावी लागते. एखाद्या आजीने आयुष्यभर घरात सांगितलं नसेल की मी अनाथालयातली आहे, तिचं नाव स्मरणिकेत छापून आलं तर? रजिस्टर उघडायला माझा ठाम विरोध आहे.

सुईदोरा:
हे मान्य. मी घाईत 'रजिस्टरं' लिहिलं, छापा असं म्हणायचं नव्हतं, वाळवीला देऊ नका असं म्हणायचं होतं. पण ज्या स्वतःहून सांगायला तयार आहेत त्यांना तरी बोलवा. आई तयार आहे. शाळेला पत्र पाठवलंय, उत्तर आलं की इथे लिहीन.

तोवर तिने जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर आठवतील तशी नावं लिहायला घेतलीत, कुठे छापायला नाही, तिच्यासाठीच. काल रात्रीपर्यंत एकोणीस झाली, आडनाव एकीचंही नाही. विसावीचं नाव काही केल्या आठवत नाहीये. नंबर आठवतोय, ३२, दोरीवर तिचे कपडे आईच्या शेजारी वाळत असायचे.