कॅलिफोर्नियात अ‍ॅक्युपंक्चरचं लायसन्स – बीएचएमएसचा काही उपयोग होतो का?

चाफा:
नमस्कार मंडळी, मी नाशिकची, बीएचएमएस, चार वर्षं स्वतःचं क्लिनिक चालवलं, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे सॅन होजेला आलेय, एच४ (नवऱ्याच्या वर्क व्हिसावरचा डिपेंडंट) व्हिसावर. घरात बसून वेड लागायची पाळी आलीये. तिकडे सहा महिन्यांचा अ‍ॅक्युपंक्चरचा डिप्लोमा केला होता, त्यावर इथे लायसन्स मिळतं का, की परत कॉलेज?

तर्रीबाज:
सर्टिफिकेट फ्रेम करून लावा, उपयोग तेवढाच :) इथल्या अ‍ॅक्युपंक्चर बोर्डाने मान्य केलेल्या कॉलेजात किमान ३००० तास, २०५० थिअरी (त्यात ४५० नुसते जडीबुटीचे) आणि ९५० क्लिनिक. म्हणजे मास्टर्सच, तीन-चार वर्षं धरा, मग लायसन्सची परीक्षा. एच४ वर शिकता येतं, कमवायचं तर आधी ईएडी (कामाचा परवाना) हवं.

सुईदोरा:
अगं मी पुण्याची फिजिओ, याच रस्त्याने गेलेय. कॉलेजने मार्कशीट बघून अ‍ॅनाटॉमीचे थोडे क्रेडिट दिले, क्लिनिकचा मात्र एक तास सोडला नाही. आणि ते बरंच झालं. स्टमक ३६ हा सुईचा पॉइंट म्हणजे गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बोट, पण बोटं पेशंटची, आपली नाही! माझा सरावातला पार्टनर सहा फुटी, मी माझ्या बोटांनी मोजून पेनने टिंब काढलं, मॅडमनी स्पिरिटने पुसून परत काढायला लावलं, तीनदा. खांद्यावरच्या पॉइंटला तर सरळ खोल सुई घालायचीच नाही, खाली फुप्फुस आहे. सुया मोजायच्या, किती घातल्या किती काढल्या. एकदा माझ्या १४ गेल्या आणि १३ निघाल्या, घाम फुटला, शेवटी मानेवर केसांत सापडली.

खानदेशी:
परत यायचा विचार असेल तर महाराष्ट्रात २०१५ चा वेगळा कायदा आहे, अ‍ॅक्युपंक्चर कौन्सिलही आहे, रजिस्ट्रेशन तिकडे होतं. इथे ते चालत नाही पण.

तर्रीबाज:
टेक्सास वगैरे बऱ्याच राज्यांत नॅशनल बोर्डाची परीक्षा असते हां, नवऱ्याची बदली होणार असेल तर आधी बघा.

चाफा:
बदलीचं काही नाही सध्या. @सुईदोरा, केसांतल्या सुईने झोप उडवलीस :D इथल्या कॉलेजला ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाचा मार्कांचा अधिकृत उतारा) सीलबंद लागतं ना? आरोग्य विद्यापीठ आमच्या नाशकातच आहे, भावाला सोमवारी पाठवते.

सुईदोरा:
हो, सीलबंदच, आणि दोन प्रती सांग.