महिला आयोग बेंगलोरात, बायका खानापूर-निपाणीत. उपयोग काय?

खानापूरवाली: माझं सरळ म्हणणं आहे, कर्नाटक राज्य महिला आयोगानं दर तीन महिन्याला बेळगावात बसून तक्रारी ऐकायला पाहिजेत आणि अर्ज मराठीतनं घ्यायला पाहिजेत. आयोगाचा कायदा १९९५ चा, ऑफिस बेंगलोरला, इथनं पाचशे किलोमीटर. मार खाल्लेली बाई लेकरू काखेत घेऊन रात्रभर एसटीनं तिकडं जाईल काय? विधिमंडळाच्या अधिवेशनाला अख्खं सरकार बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधला येतंय की, मग आयोगाला तिथं दोन खोल्या द्यायला काय हरकत आहे.

वडगावकर: बसून करणार काय पण? आयोग समन्स काढतोय, कागद मागवतोय, तेवढ्यापुरते दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, आणि शेवटी काय तर शिफारस. शिक्षा देता येत नाही. डिसेंबर २०२३ ला आपल्याच बेळगाव तालुक्यात, वंटमुरीत, पोरगा मुलीला घेऊन गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं, तेव्हा हायकोर्टानं स्वतःहून केस हातात घेऊन सरकारला जाब विचारला. जोर कोर्टात आहे, आयोगात नाही.

खानापूरवाली: वंटमुरीची बातमी देशभर गेली म्हणून कोर्टापर्यंत पोचली. घरात रोज चालतंय त्याची बातमी कोण छापतंय?

कोर्टातली वकील: दोघंबी मधली पायरी विसरायलात. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी आहे, कर्नाटकात ते काम सीडीपीओकडं (बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडं) असतंय, म्हणजे तालुक्यातच. आणि आपल्या सीमेवरच्या लेकींसाठी सगळ्यात कामाचं म्हणजे कलम २७, सासर खानापूरला असलं आणि बाई माहेरी महाराष्ट्रातल्या चंदगडला येऊन राहिली असली, तात्पुरती का असेना, तरी तिला चंदगडच्या कोर्टात अर्ज करता येतोय. कर्नाटक का महाराष्ट्र हा घोळ तिनं डोक्यात घ्यायचाच नाही.

शहापूर पेठ: सगळं बायकांसाठीच. खोट्या केसेसमध्ये म्हातारे आईबाप अडकतात त्यांच्यासाठी कुठला आयोग आहे सांगा.

कोर्टातली वकील: नवरा-सासरच्यांच्या छळाचं जुनं कलम ४९८अ (आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५), त्यात सरसकट अटक करू नका असं सुप्रीम कोर्टानं २०१४ लाच पोलिसांना बजावलंय. तुमच्यासाठी ब्रेक लागलाय भाऊ, तिच्यासाठी गाडीच सुरू होत नाहीये.

निपाणीची ताई: मी विडीकाम करणाऱ्या बायकांमध्ये वावरते, त्यांना आयोग हा शब्दच माहीत नाही. कामावरच्या लैंगिक छळाचा कायदा २०१३ चा आहे, दहापेक्षा कमी माणसं असली किंवा तक्रार मालकावरच असली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं असतंय, तेही तीन महिन्यांच्या आत. त्यासाठी तालुक्याला नोडल अधिकारी नेमायचा असतोय, त्यानं सात दिवसांत तक्रार पुढं पाठवायची. ह्या अधिकाऱ्याचं नाव न् फोन नंबर वखारीच्या दारावर मराठीत लावा पहिलं! तीन महिने विचारपूस करण्यातच जातात हो.

वडगावकर: हे पटलं, मराठी फलकाला माझा विरोध नाहीच. पण सीडीपीओकडं अंगणवाड्या, पोषण आहार, सर्व्हे, त्यात आणि हे. आयोगाच्या दौऱ्यावर, गाड्यांवर पैसा घालण्यापेक्षा प्रत्येक तालुक्याला फक्त हेच काम करणारी संरक्षण अधिकारी द्या.

खानापूरवाली: द्या की, पण ती नेमली नाही तर सरकारला विचारणार कोण? तेच तर आयोगाचं काम आहे, आणि ते इथं येऊन बसल्याशिवाय त्यांना दिसणार नाही.