खडी चढण आणि फुलं – तुमचे अनुभव लिहा

केशरवेलची:
काल रात्री खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे ब्रह्मकमळं फुलली. अकरा वाजता अख्खी बिल्डिंग त्यांच्या गॅलरीत, कोणी हळदकुंकू घेऊन, कोणी मोबाइल घेऊन. मला मात्र एकदम उत्तराखंडातल्या हेमकुंडची चढण आठवली आणि मग झोपच लागेना.

आम्ही दोघी बहिणी आईला घेऊन ऑगस्टात गेलो होतो. गोविंदघाट, पुलना, तिथून चालत घांगरिया. आधी व्हॅली ऑफ फ्लॉवर्स केली, ती त्यामानाने सोपी आहे. हेमकुंड म्हणजे घांगरियापासून जेमतेम ६ किलोमीटर, पण चढ हजार मीटरच्या वर, वळणामागून वळणं, धुकं आणि खेचरांची सारखी ये-जा. आई साठी ओलांडलेली, थोडं चालायची, काठी टेकून थांबायची, म्हणून आम्हीही थांबायचो आणि थांबलं की दिसायचं. कातळाच्या फटीत निळी पॉपी, देठावर बारीक काटे, मधोमध पिवळे पुंकेसर, पाकळ्यांवर पावसाचे थेंब तसेच. भराभर पुढे गेलेल्या कोणालाच ती दिसली नव्हती, खाली आल्यावर विचारलं मी. वरच्या टप्प्यात दगडादगडांत ब्रह्मकमळं. पिवळट हिरवी, कागदासारखी पानं एकमेकांवर मिटलेली, वाकून आत बघितलं की जांभळे गोंडे. आईने हात जोडले, तोडू दिलं नाही कोणाला. वर तळं, गुरुद्वारा, शेजारी लक्ष्मणाचं मंदिर, आणि लंगरमधली गरम खिचडी, चहा. धुकं जरासं हटलं तेव्हा तळ्याभोवतीची शिखरं दिसली आणि आई कितीतरी वेळ बोललीच नाही.

तुमच्या अशा चढणी असतील तर लिहा ना, हिमालयच पाहिजे असं नाही.

उनाडपाऊल:
मस्त लिहिलंय! वर मुक्काम करू देत नाहीत, दुपारी दोनच्या सुमारास उतरायला लावतात, त्यामुळे पहाटेच निघायचं. जूनमध्ये गेलात तर बर्फ कापून केलेली वाट मिळते पण फुलं नाहीत. फुलांसाठी जुलैचा मध्य ते ऑगस्ट, पाऊस गृहीत धरूनच.

मनीची_आई:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. काश्मीर ग्रेट लेक्सचा ट्रेक, गडसरची खिंड, ४००० मीटरच्या वर. चढताना बोलायचं बंद, फक्त पाय बघायचे. आणि पलीकडे उतरायला लागलो तर उतारभर पिवळी जांभळी फुलं, खाली तलाव. नवऱ्याच्या डोळ्यात पाणी, एरवी लग्नातसुद्धा न रडणारा माणूस. शिट्टी झाली, येते परत

कोथरूडचे_काका:
गॅलरीतलं ते झाड वेगळं बरं का. मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं, निवडुंगाच्या कुळातलं, रात्री फुलतं आणि सकाळी मान टाकतं. हिमालयातलं शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यफूल आहे ते. बाकी तुमच्या काकूंकडे लावायला एक पान मिळेल का? आमचं मागच्या पावसात कुजलं.

केशरवेलची:
हो काका, पण आमच्या काकू त्याची पूजा करतात तर मला दोन्ही आवडतात. पान नक्की देतील, विचारते. कुंडीत पाणी साचू देऊ नका.

बर्नवाली:
माहेर सदाशिव पेठ, आता स्वित्झर्लंड. इथे विल्डर्सविलहून श्यनिगे प्लाटेला दातेरी रेल्वे जाते, १८९३ पासून चालू आहे. वर आल्प्समधल्या फुलझाडांची बाग आहे, नावांच्या पाट्यांसकट, ती आधी बघा म्हणजे पुढे वाटेवर फुलं ओळखता येतात. तिथून फाउलहोर्नचं शिखर, २६८१ मीटर. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ आणि पायाशी गडद निळी जेन्शन, बोटाएवढीसुद्धा उंच नाहीत पण दुरून नजर खेचतात. सासूबाई आल्या होत्या तेव्हा डब्यात थालीपीठं, ती शिखरावर बसून खाल्ली, दोघींची इतकी छान गट्टी घरात कधी जमली नव्हती.

मनीची_आई:
@बर्नवाली लोणचं होतं का बरोबर??

बर्नवाली:
होतं ना, लिंबाचं!

वेताळटेकडी:
आपल्याकडेही या की. सप्टेंबरात राजगडाची संजीवनी माची सोनकीने पिवळीधमक असते, आणि कारवीचं वर्ष असेल तर बघायलाच नको, सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि सुकून जाते. फार मनापासून सांगतो, सोनकीत आडवं पडून फोटो काढू नका. बी धरायच्या आत चिरडली तर पुढच्या वर्षी काय उगवणार तिथे? मी दिसेल त्याला थांबवतो, भांडण झालं तरी चालेल.

उनाडपाऊल:
+१, भांडायला मी पण येतो.

शांतनदी:
बाबांना व्हॅली बघायची होती, तिकिटंही काढलेली. राहून गेलं. वरचं वाचून यंदा आईला घेऊन जावं वाटतंय पण तिचे गुडघे…

केशरवेलची:
अगं, ने तिला. घांगरियात खेचर, पालखी, कंडी (माणूस पाठीवर नेतो ती टोपली) सगळं मिळतं, जमेल तेवढं चालू दे, उरलेलं बसून. आत्तापासून रोज तळजाई टेकडी, मग महिन्याभराने आतकरवाडीतून सिंहगड, घाई न करता. विरळ हवेची सवय मात्र पुण्यात होत नाही, त्यासाठी घांगरियात एक दिवस जास्त ठेव आणि हेमकुंड शेवटी.

शांतनदी:
थँक यू गं. आईला आत्ताच वाचून दाखवलं, ती विचारतेय रेनकोट की पोंचो?

मनीची_आई:
पोंचो! सॅकसकट झाकलं जातं. आणि काकूंना सांग, खेचर आलं की कायम डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही.