पितळी ॲसिटिलीन हेडलॅम्प: तडकलेल्या काचेच्या आरशाच्या जागी धातूचा आरसा चालेल का?

पितळी_हौस

नमस्कार मंडळी. १९१० च्या आसपासच्या एका मोटारीची हेडलॅम्पची जोडी माझ्याकडे आली आहे. दोन्ही दिवे पितळी, ॲसिटिलीनवर चालणारे. पितळ उत्तम आहे, वरचं धुराडं शाबूत आहे, दाराच्या बिजागऱ्याही घट्ट आहेत. पण एका दिव्यातला आरसा मधोमध तडकलाय आणि मागच्या चांदीचे पापुद्रे सुटताहेत. आरसा काचेचा आहे, मधे पातळ आणि कडेला चांगलाच जाड. असा आरसा मी आजवर पाहिला नव्हता.

त्याच व्यासाचा, चांदीचा मुलामा दिलेला अन्वस्ताकार (पॅराबोलिक) धातूचा आरसा बसवला तर चालेल का? दुसरं, बर्नरला समोरासमोर झुकलेली दोन तोंडं आहेत. त्यातलं एक बुजलंय. एकाच तोंडावर पेटवला तर काय बिघडेल? शिवाय फूटबोर्डवर बसवायचं कार्बाइडचं जनित्र (कार्बाइडवर पाणी सोडून गॅस तयार करणारं भांडं) मिळालंय, पण नळ्या गायब आहेत. तांब्याची मऊ नळी वळवायला सोपी म्हणून तीच आणून ठेवली आहे.

दिवा गॅसवर पेटलेला बघायचाय. आत बल्ब लावून शोभेला ठेवायचा नाही.

रसशाळा

बाकी चर्चा नंतर, आधी ती तांब्याची नळी बाजूला ठेवा. ॲसिटिलीन आणि तांबं एकत्र आले की कॉपर ॲसिटिलाइड तयार होऊ शकतं, आणि जनित्रातून येणारा गॅस ओला असल्याने ही शक्यता वाढते. ते सुकलं की नुसत्या घासण्याने किंवा ठोक्यानेही उडतं. पितळ चालतं, पण त्यात तांबं ६५ ते ७० टक्क्यांहून जास्त नको. पोलादी नळी त्याहून निर्धोक. आणि गळती साबणाच्या पाण्याने तपासा, काडी ओढून कधीही नाही. हवेत २.५ टक्क्यांपासून जवळजवळ ८० टक्क्यांपर्यंत ॲसिटिलीन असलं तरी मिश्रण पेट घेतं. इतका रुंद पट्टा फार थोड्या वायूंचा असतो.

ज्योत_आणि_झोत

रसशाळा यांचं ऐकाच. आता आरशाकडे येतो, कारण तुमच्या जोडीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे.

हा मांजँ आरसा. अल्फोन्स मांजँ या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात सर्चलाइटसाठी तो काढला. अचूक अन्वस्त घासणं त्या काळी फार अवघड होतं, गोलीय पृष्ठभाग मात्र चांगला कारागीर बिनचूक घासायचा. पण साध्या गोलीय आरशात कडेचे किरण मधल्या किरणांशी जुळत नाहीत आणि झोत विस्कटतो. मांजँने काचेच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला वेगवेगळ्या त्रिज्या दिल्या. किरण काचेतून आत जातो, मागच्या चांदीवरून परततो आणि पुन्हा काचेतूनच बाहेर येतो. या दोन फेऱ्यांत ती काच अंतर्गोल भिंगाचं काम करते आणि कडेच्या किरणांची चूक भरून काढते. म्हणून ती मधे पातळ आणि कडेला जाड. दोन्ही पृष्ठभाग गोलीयच, तरी झोत जवळजवळ समांतर निघतो. मला ही युक्ती आजही अतिशय देखणी वाटते.

मोटारीसाठी आणखी एक फायदा होता. चांदी काचेच्या मागे झाकलेली राहते. कार्बाइडच्या गॅसमध्ये थोडं फॉस्फीन आणि हायड्रोजन सल्फाइड असतंच (तो लसणासारखा वास या अशुद्धीचा, शुद्ध ॲसिटिलीनचा नव्हे). हे जळून जे काही निघतं त्याने उघडी चांदी काळवंडते, आणि धातूचा आरसा पुन्हा पुन्हा घासला की मुलामा उडतो. काच ओल्या फडक्याने पुसली की झालं.

तर धातूचा आरसा चालेल का? चालेल, पण नुसता व्यास जुळून भागणार नाही, नाभी (किरण जिथे एकवटतात तो बिंदू) जुळायला हवी. बर्नरची जागा दिव्याच्या तळाशी पक्की ठरलेली असते, हवी तशी पुढेमागे करता येत नाही. दुसऱ्या दिव्यातला धड आरसा अलगद काढा, उन्हात सूर्याकडे तोंड करून धरा आणि कागदाचा लहान तुकडा पुढेमागे सरकवत सगळ्यात बारीक ठिपका कुठे पडतो ते पाहा. आरशाच्या मध्यापासून तिथपर्यंतचं अंतर मोजा. कागद पेटतो, त्यामुळे मोजणी चटकन उरका. तेवढंच नाभीय अंतर असलेला अन्वस्त घ्या. दुकानात सहज मिळणारे खोल अन्वस्त बहुतेक वेळा फार कमी नाभीय अंतराचे असतात. ते बसवले तर ज्योत नाभीच्या बरीच पुढे पडेल आणि रस्त्यावर मधे काळोख असलेलं वर्तुळ दिसेल.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण दुरुस्त केलेल्या कितीतरी दिव्यांत ती चुकलेली पाहिली आहे. नाभीत बर्नरचं तोंड यायला नको, ज्योतीचा सर्वांत तेजस्वी भाग यायला हवा. ज्योत तोंडांच्या वर पसरते, म्हणून मूळ रचनेत तोंडं आरशाच्या अक्षाच्या खाली असतात. कोणी ती 'नीट मध्यावर' आणून ठेवली की झोत जमिनीकडे झुकतो.

आता बर्नर. एका तोंडावर पेटवू नका.

ॲसिटिलीनमध्ये वजनाने ९२ टक्के कार्बन असतो. ज्योतीत तापून पांढरे झालेले कार्बनचे कण हाच त्याचा उजेड, आणि हवा कमी पडली की हेच कण काजळी होतात. साध्या भोकातून गॅस सोडला तर ज्योत तोंडाला चिकटते, तोंड तापतं, गॅसचं तिथेच विघटन होऊन कार्बनचा खडा जमतो आणि भोक बुजतं. यावर काढलेला तोडगा म्हणजे तुमची ती दोन झुकलेली तोंडं. प्रत्येक तोंडाला बाजूने बारीक छिद्रं दिसतील. गॅसची धार जोरात निघताना तिथून हवा ओढून घेते, त्यामुळे गॅस हवेचं वेष्टण घेऊनच बाहेर पडतो आणि ज्योत तोंडापासून सुटी राहते. दोन धारा मधे एकमेकींवर आपटतात आणि उघडलेल्या पंख्यासारखी चपटी ज्योत उभी राहते. एकच तोंड चालू असेल तर धारेला अडवायला समोर काही नसतं. लांब, तिरकी, धुरकट ज्योत निघते आणि ती थेट काचेवर किंवा आरशावर जाते. तुमचा आरसा कशाने तडकला ते मला माहीत नाही, पण वाकड्या ज्योतीने तडकलेले आरसे मी हाताळले आहेत.

ही चपटी ज्योत दोन तोंडांना जोडणाऱ्या रेषेच्या आडवी पसरते. म्हणजे तोंडं पुढेमागे असतील तर ज्योतीची रुंद बाजू आरशाकडे येते, तोंडं डावी-उजवीकडे असतील तर धार येते. बर्नर सोडवण्याआधी तो कसा होता त्याची खूण करून ठेवा. झोताची रुंदी यावर ठरते. समजा ज्योत २० मिमी रुंद आहे आणि नाभीय अंतर ९० मिमी, तर रुंद बाजू आरशाकडे असताना झोत साधारण १२ ते १३ अंश पसरतो. अगदी अचूक अन्वस्त आणला तरी हा पसारा कमी होत नाही, कारण ज्योत हा बिंदू नाही. गॅसच्या दिव्याचा झोत विजेच्या दिव्यापेक्षा मऊ दिसतो तो यामुळे.

तोंडं शंखजिऱ्याची आहेत. हा दगड मऊ असताना त्यात बारीक भोक पाडता येतं, मग भट्टीत भाजला की कडक होतो, गंजत नाही, उष्णता सोसतो. बुजलेलं भोक त्याहून बारीक तारेनेच मोकळं करा. भोक किंचित मोठं झालं तरी दोन धारांचा तोल जातो. मोकळं होत नसेल तर तोंडांची जोडीच बदला.

पितळी_हौस

मनापासून आभार. तांब्याची नळी परत जाणार. उन्हात ठिपका पाहिला, साधारण ९० मिमीवर पडतो. बर्नरवर '२१' असा आकडा आहे, तो कशाचा? आणि दिव्याच्या तळाशी इतक्या जाळ्या, पत्र्यांचे इतके आडपडदे कशाला? एक-दोन काढून टाकले तर हवा जास्त मिळेल असं वाटतं.

ज्योत_आणि_झोत

आकडा ताशी लिटरचा. २१ म्हणजे ताशी २१ लिटर गॅस, अर्थात बर्नरला योग्य दाब मिळाला तर. हा दाब पाण्याच्या ७५ ते १०० मिमी उंचीइतकाच लागतो.

आडपडदे अजिबात काढू नका, दिव्याची खरी करामत तिथेच आहे. एक भाग ॲसिटिलीन पूर्ण जळायला जवळजवळ १२ भाग हवा लागते. तुमच्या एका ज्योतीला तासाला निदान २५० लिटर, आणि दिवा थंड राहावा म्हणून प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट हवा आतून खेळायला हवी. ती हवा आली पाहिजे, पण वारा येता कामा नये. मोटार धावत असते, रस्ता खडबडीत असतो, समोरून झंझावात येतो, आणि ज्योत हलली तर झोत हलतो. म्हणून हवा खालून घेतात, दोन-तीनदा वळवतात आणि मगच बर्नरपाशी सोडतात. वरच्या धुराड्याला दुहेरी टोपी असते ती याच कारणाने. वाऱ्याचा दाब खाली आणि वर सारखाच पडला तर तो आपोआप तोलला जातो आणि आतला खेच बदलत नाही. खालचे पडदे काढलेत तर हा तोल मोडेल.

धुराड्याच्या जोडांवर डाख देऊ नका. तिथे डाख वितळण्याइतकी उष्णता असते, म्हणून चांगल्या दिव्यांचं धुराडं रिव्हेट मारून किंवा पत्र्याची कड दुमडून जोडलेलं असतं.

आणि एक महत्त्वाचं: दिवा मंद करून जाळू नका. दाब कमी झाला की धारांचा जोर जातो, ज्योत तोंडावर बसते आणि तासाभरात खडा धरते. पूर्ण पेटवा नाहीतर बंद करा. समोरच्याच्या डोळ्यांवरचा झोत गॅस कमी करून हटवता येत नाही, ही या दिव्याची जन्मजात अडचण होती. गाडी उभी असताना बाजूचे रॉकेलचे दिवे जळत ठेवायचे, हेडलॅम्प बंद.

जुनी_चाकं

जनित्राच्या जागी सिलिंडरही असे, ते सांगतो. ॲसिटिलीन नुसतं दाबून भरलं तर ते हवेशिवायही फुटतं. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये जॉर्ज क्लोद आणि आल्बेर एस यांनी ते ॲसिटोनमध्ये विरघळवायची रीत शोधली. सिलिंडरमध्ये सच्छिद्र भराव, भरावात ॲसिटोन, ॲसिटोनमध्ये गॅस. अमेरिकेत कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांच्या इंडियानापोलिसच्या कंपनीने १९०४ पासून हे सिलिंडर मोटारींसाठी विकले. पुढे ती प्रेस्ट-ओ-लाइट म्हणून गाजली. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. १९०९ मध्ये तिथला प्रसिद्ध शर्यतीचा ट्रॅक उभारणाऱ्यांत हे दोघेही होते. वेल्डिंगच्या सामानात अमेरिकेत अजूनही 'एमसी' आणि 'बी' आकाराचे सिलिंडर मिळतात, म्हणजे मूळचे मोटारसायकलचे आणि बसचे. 'बी'मध्ये ४० घनफूट गॅस असतो. २१ लिटरच्या दोन ज्योती त्यावर २५ तासांहून जास्त चालतात.

आणखी एक, लुई ब्लेरिओ. २५ जुलै १९०९ ला इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा हा माणूस ॲसिटिलीन हेडलॅम्पचा कारखानदार होता. विमानांचा खर्च याच दिव्यांच्या कमाईतून निघाला.

विजेने मात्र हे सगळं फार लवकर संपवलं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर एकत्र आले, आणि फोर्डच्या मॉडेल टीनेही १९१५ साली गॅसचे हेडलॅम्प सोडले.

पितळी_हौस

सिलिंडरचा मोह होतोय, पण जनित्र मूळचं आहे, तेच चालवीन. एका भरणीत किती वेळ चालेल?

ज्योत_आणि_झोत

बाजारातलं एक किलो कार्बाइड सुमारे ३०० लिटर गॅस देतं. दोन ज्योतींना ताशी ४२ लिटर, म्हणजे तासाला साधारण १४० ग्रॅम. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, कारण भिजलेलं कार्बाइड चुना होऊन फुगतं, आणि भरगच्च भांड्यात मधला भाग इतका तापतो की गॅसचंच डांबर होऊन नळीत पिवळा चिकटा बसतो.

पाण्याची सुईची झडप आधी अगदी किंचित उघडा. पहिला गॅस हवेत मिसळलेला असतो, तो थोडा वेळ बर्नरमधून मोकळ्यावर जाऊ द्या आणि मगच काडी लावा, दिव्याचं दार उघडं ठेवून. झडप बंद केल्यावरही ओलं कार्बाइड बराच वेळ गॅस सोडत राहतं, म्हणून मुक्कामाला पोचण्याच्या थोडं आधीच पाणी बंद करायची तेव्हाच्या चालकांना सवय होती. नळी जनित्राकडे उतरती ठेवा, म्हणजे आतलं साचलेलं पाणी परत जाईल. नाहीतर ज्योत उड्या मारते.

चुन्याचा गाळ काढलात की झाकणबंद डब्यात ठेवू नका. त्यात न भिजलेले खडे उरलेले असतात. उघड्यावर बादलीभर पाण्यात टाका आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ज्योत, सिगारेट, काहीही जवळ आणू नका.