अमेरिकेचे राजकारण बीजिंग, टोकियो, सोल आणि सिंगापूरच्या वृत्तपत्रांतून कसे दिसते?

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. अमेरिकेतील राजकारणाविषयी आशियाई वृत्तपत्रांच्या इंग्रजी आवृत्त्यांत जे छापून येते ते मी गेली काही वर्षे नियमाने वाचत आलो आहे, आणि चिनी माध्यमांच्या बाबतीत एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये ट्रम्पसमर्थकांचा जमाव कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदेच्या, इमारतीत घुसला, तेव्हा 'ग्लोबल टाइम्स'ने ती घटना कमालीच्या हिरिरीने मांडली. मात्र २०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प की हॅरिस, याविषयी 'पीपल्स डेली' किंवा शिन्हुआ यांनी ताकास तूर लागू दिला नाही. निवडणूक ही अमेरिकेची अंतर्गत बाब आहे, या परराष्ट्र खात्याच्या ठरीव वाक्यापलीकडे ती फारशी गेलीच नाहीत. गोंधळाबद्दल इतकी बोलकी असणारी माध्यमे निकालाबद्दल इतकी अबोल का होतात?

दुसरे असे की, 'आशियाई माध्यमांचे मत' असे काही एकसंध असते का? जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर येथील पत्रे याच घटनांकडे कोणत्या नजरेने पाहतात? आपल्या मराठी वृत्तपत्रांत यातले फार थोडे येते, आणि जे येते ते बहुधा पाश्चात्त्य वृत्तसंस्थांच्या मार्गाने येते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पानवाचक

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या माध्यमांच्या मालकीपासून सुरू होते. 'पीपल्स डेली' हे चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीचे मुखपत्र आहे, 'ग्लोबल टाइम्स' हे १९९३ मध्ये त्याच घरातून निघालेले पत्र आहे, आणि शिन्हुआ ही सरकारी वृत्तसंस्था आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये शी जिनपिंग यांनी 'पीपल्स डेली', शिन्हुआ आणि सीसीटीव्ही (सरकारी चित्रवाणी) या तिन्ही कार्यालयांना एकाच दिवशी भेट दिली आणि पक्षाच्या माध्यमांचे आडनाव 'पक्ष' हेच असले पाहिजे, असे बजावले. ज्या पत्राचे आडनावच पक्ष आहे, त्याने एखाद्या उमेदवाराला पसंती दिली तर ती सरकारची पसंती मानली जाणार, आणि निकाल उलटा लागला तर त्याची किंमत पुढची चार वर्षे आयातशुल्काच्या आणि तैवानच्या वाटाघाटींत मोजावी लागणार. त्यामुळे उमेदवारांबद्दलचे मौन हा संपादकांचा संयम नसून राजनयाचा भाग आहे.

गोंधळाची बातमी मात्र कोणत्याही भावी अध्यक्षाला थेट दुखावत नाही आणि घरच्या वाचकाला जे सांगायचे ते नेमके सांगते. आपल्याकडे 'लेकी बोले सुने लागे' म्हणतात, तसा हा प्रकार आहे. बातमी अमेरिकेची असते, पण ऐकणारा चेंगदू किंवा वूहान येथे बसलेला असतो.

६ जानेवारीचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. 'ग्लोबल टाइम्स'ने ट्विटरवर दोन प्रसंगांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली: १ जुलै २०१९ रोजी हाँगकाँगच्या विधान परिषदेत शिरलेले आंदोलक, आणि कॅपिटॉलमध्ये शिरलेला जमाव. सोबत अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांचे हाँगकाँगविषयीचे 'नयनरम्य दृश्य' हे शब्द उद्धृत करून, आता त्या हेच म्हणतील का, असा प्रश्न विचारला. वाचणाऱ्याला तो बिनतोड वाटतो. परंतु पेलोसी यांनी ते शब्द जून २०१९ मध्ये, लाखो लोकांच्या शांततामय मोर्चांबद्दल वापरले होते, आणि विधान परिषदेतील तोडफोड त्यानंतरची आहे. दोन्ही छायाचित्रे खरी, शब्दही खरे, फक्त त्यांचा क्रम पुसून टाकलेला. परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या हुआ चुनयिंग यांनीही दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषदेत हीच तुलना पुढे नेली. माझ्या मते या माध्यमांची खरी ताकद खोटे छापण्यात नाही, खऱ्या तुकड्यांच्या मांडणीत आहे, आणि म्हणूनच 'हा सगळा प्रचार आहे' असे म्हणून ती बाजूला सारणे धोक्याचे आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये हीच गोष्ट सरकारी पातळीवर झाली. बायडन यांनी ९ आणि १० डिसेंबरला लोकशाही देशांची शिखर परिषद बोलावली होती. तिच्या अगोदर, ४ डिसेंबरला चीनने स्वतःच्या लोकशाहीवर श्वेतपत्रिका काढली आणि लगेच दुसऱ्या दिवशी परराष्ट्र खात्याने अमेरिकेतील लोकशाहीच्या स्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील पैशाचा प्रभाव, वर्णद्वेष, बंदुकांचा हिंसाचार, संसदेतील कोंडी या मुद्द्यांवर खुद्द अमेरिकी वृत्तपत्रेच रोज लिहीत असतात. फरक एवढाच, की अमेरिकी पत्र ते लिहिते तेव्हा सुधारणेची मागणी करत असते, आणि बीजिंगमध्ये तोच मजकूर 'ही व्यवस्थाच अपात्र आहे' याचा पुरावा म्हणून उभा राहतो.

जे दाखवले जात नाही तेही पाहा. जानेवारी २००९ मध्ये ओबामांचे शपथविधीचे भाषण सीसीटीव्ही थेट दाखवत होती. आधीच्या पिढ्यांनी फॅसिझम आणि साम्यवादाचा सामना केला, हे वाक्य येताच अनुवादिकेचा आवाज विरत गेला आणि निवेदिकेने स्टुडिओतील पाहुण्याला भलताच प्रश्न विचारला. ऑक्टोबर २०२० मध्ये उपाध्यक्षपदाच्या वादचर्चेत माईक पेन्स चीनवर टीका करू लागताच चीनमधील सीएनएनचे प्रक्षेपण तुटले आणि पडद्यावर रंगीत पट्टे आले. कमला हॅरिस बोलू लागल्यावर चित्र परत आले. अमेरिकेतील भांडण दाखवायला हरकत नाही, पण त्या भांडणात चीनचे नाव टीकेच्या सुरात आले की पडदा पडतो.

रेशीमवाट

पानवाचक यांचे विवेचन मला बहुतांशी मान्य आहे, तरी त्यातून चिनी समाज एकाच तोंडाने बोलतो असा समज होऊ नये म्हणून थोडी भर घालतो.

'चानकाओ शियाओशी' हे शिन्हुआचे पत्र १९३१ पासून निघते आणि परदेशी वृत्तपत्रांतील मजकूर चिनीत अनुवादित करून देणे हेच त्याचे काम आहे. कित्येक दशके ते फक्त कार्यकर्त्यांना आणि अधिकाऱ्यांना मिळत असे. १९८० च्या दशकात ते सर्वांसाठी खुले झाले. सामान्य चिनी वाचकाला अमेरिकेबद्दल काही माहीत नसते, ही आपली समजूत म्हणूनच बरोबर नाही. त्याला न्यूयॉर्क आणि लंडनची पत्रे काय म्हणतात हे कळते, पण त्यातले काय कळावे हे दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते.

अभ्यासाची परंपराही खोल आहे. चिनी सामाजिक शास्त्र अकादमीची अमेरिका अध्ययन संस्था १९८१ ची, तर शांघायच्या फूदान विद्यापीठातील केंद्र १९८५ चे. आज पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, असलेले वांग हुनिंग हे त्याच फूदानचे प्राध्यापक होते. १९८८ मध्ये ते सहा महिने अमेरिकेत राहिले आणि १९९१ मध्ये त्यांनी तेथील समाजातील अंतर्विरोधांवर पुस्तक लिहिले. कॅपिटॉलवरील हल्ल्यानंतर त्याच्या जुन्या प्रतींना चीनमध्ये अवाच्या सवा भाव आला. अमेरिका आतून पोखरली जात आहे, हा विचार म्हणजे संपादकांनी परवा शोधलेली युक्ती नव्हे. तो राज्यकर्त्यांच्या मनात निदान तीन दशके मुरलेला आहे.

इंटरनेटवरचे चित्र निराळे आहे. तेथे ट्रम्प यांना फार पूर्वीपासून 'च्वान च्येनग्वो', म्हणजे 'राष्ट्र उभारणारे ट्रम्प', म्हणतात. त्यांच्या धोरणांमुळे अमेरिकेपेक्षा चीनचेच राष्ट्र उभे राहत आहे, असा त्याचा रोख. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने शुल्क १४५ टक्क्यांवर आणि चीनने १२५ टक्क्यांवर नेले, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या, शिवणयंत्रांवर राबणाऱ्या स्थूल अमेरिकी कामगारांच्या चित्रफिती चिनी समाजमाध्यमांवर पसरल्या. या खेळकरपणाला मुभा असते, कारण त्याचे उत्तरदायित्व कोणाकडेच नसते. गंभीर संकेत दुसरीकडून येतात. वाटाघाटींसाठी अमेरिकेनेच अनेक मार्गांनी संपर्क साधला आहे, ही माहिती १ मे २०२५ रोजी सीसीटीव्हीशी संलग्न 'यूयुआन थानथिएन' या समाजमाध्यमावरील खात्याने दिली. ज्यांना चीनचा व्यापारविषयक कल समजून घ्यायचा आहे, त्यांनी 'ग्लोबल टाइम्स'च्या अग्रलेखांपेक्षा अशा खात्यांवर आणि 'पीपल्स डेली'तील 'चुंग शंग' या टोपणनावाच्या लेखांवर लक्ष ठेवावे.

चिनी भाषेतील सगळी पत्रे बीजिंगची री ओढतात असेही नाही. हाँगकाँगच्या 'ॲपल डेली'चे संस्थापक जिमी लाय हे ट्रम्प यांचे उघड समर्थक होते, कारण चीनवर दबाव आणील असा नेता त्यांना हवा होता. ते पत्र जून २०२१ मध्ये बंद पाडले गेले. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनीच व्हॉइस ऑफ अमेरिका आणि रेडिओ फ्री एशिया या अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या प्रसारणसंस्थांच्या मुळावर घाव घातला आणि 'ग्लोबल टाइम्स'ने व्हॉइस ऑफ अमेरिकेची संभावना फेकून दिलेल्या घाणेरड्या चिंधीशी केली. ज्याच्याकडून आशा धरली त्याच्याच हातून चिनी श्रोत्यांचे हे उरलेसुरले झरोके बुजावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हानकाठ

मी सोलमध्ये राहते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. चीनसाठी अमेरिका प्रतिस्पर्धी आहे. जपान आणि कोरियासाठी ती संरक्षक आहे, आणि संरक्षकाच्या घरातले भांडण शेजाऱ्याला कधी करमणुकीचे वाटत नाही.

जपानमध्ये ५० हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आहेत. २०२४ च्या आरंभापासून तेथील वृत्तवाहिन्यांवर आणि नियतकालिकांत 'मोशितोरा', म्हणजे 'ट्रम्प आलेच तर', हा शब्द रुळला होता. चर्चा कोण योग्य याची नव्हती, आपण काय तयारी ठेवावी याची होती. पुढे जुलै २०२५ मध्ये १५ टक्के शुल्काचा करार झाला आणि त्यासाठी जपानने ५५० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचे आश्वासन दिले, तेव्हा तेथील पत्रांनी त्या रकमेतील प्रत्यक्ष गुंतवणूक किती आणि कर्ज-हमी किती, याचाच कीस काढला.

कोरियात २८,५०० अमेरिकी सैनिक आहेत, आणि येथे 'चोसुन इल्बो' उजवीकडे व 'हानग्योरे' डावीकडे असा पक्का भेद आहे. तो भेद एकदा पुसट झालेला मी पाहिला. ४ सप्टेंबर २०२५ रोजी जॉर्जिया राज्यातील ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर छापा पडला, ४७५ जणांना ताब्यात घेतले गेले आणि त्यांत ३०० हून अधिक कोरियन होते. कंबरेला आणि पायांत साखळ्या घातलेल्या कामगारांची चित्रफीत अमेरिकी यंत्रणेनेच प्रसिद्ध केली. दोन्ही देशांच्या अध्यक्षांची भेट होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. उजव्या पत्रांनीही त्या दिवसांत मित्रराष्ट्राविषयी जी भाषा वापरली, ती येथे सहसा वाचायला मिळत नाही. गुंतवणूक करा असेही सांगायचे आणि ती उभी करणाऱ्यांना बेड्याही घालायच्या, हा अपमान सर्वांना सारखाच झोंबला.

आणखी एक गोष्ट कोरियाशिवाय समजणार नाही. डिसेंबर २०२४ मधील लष्करी कायद्याच्या प्रयत्नानंतर तो करणारे तेव्हाचे अध्यक्ष यून सुक-योल यांचे समर्थक रस्त्यावर अमेरिकेचे झेंडे आणि 'मतांची चोरी थांबवा' असे इंग्रजी फलक घेऊन उतरले. १९ जानेवारी २०२५ रोजी त्यांतील काहींनी सोलच्या एका न्यायालयात घुसून तोडफोड केली. कोरियन पत्रकारांनी लगेच ६ जानेवारीची आठवण काढली. चिनी माध्यमांनी ती घटना परक्याचे अपयश म्हणून दाखवली होती. कोरियात ती स्वतःच्या दारात येऊन उभी होती.

मुळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सिंगापूर आणि तैवानबद्दलही कोणी लिहील का? आणि या सगळ्यातून भारतीय वाचकाने 'ग्लोबल टाइम्स'च्या धमक्यांकडे कसे पाहावे?

दर्यावर्दी

सिंगापूरविषयी थोडक्यात लिहितो. तेथील 'द स्ट्रेट्स टाइम्स' आणि चिनी भाषेतील 'लिएनह चाओपाओ' यांचा सूर सरकारच्या सुराशी जुळता असतो आणि तो हिशेबी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्री एंग एंग हेन म्युनिकमध्ये म्हणाले की, आशियातील अमेरिकेची प्रतिमा मुक्तिदात्यापासून मोठ्या उलथापालथकर्त्याकडे आणि तेथून भाडे मागणाऱ्या घरमालकाकडे बदलली आहे. ते वाक्य आशियाभर उद्धृत झाले. दोन महिन्यांनी, २००४ पासूनचा मुक्त व्यापार करार असूनही, सिंगापूरवर १० टक्के शुल्क लागले.

तैवानमध्ये 'अमेरिकेवर विसंबता येईल का' हाच पक्षभेदाचा विषय आहे. 'लिबर्टी टाइम्स' अशा शंकांना चीनची पेरणी मानते, तर विरोधी छावणीकडे झुकलेली पत्रे त्यांना व्यवहारज्ञान म्हणतात. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हाइट हाउसमध्ये झेलेन्स्की यांना ज्या रीतीने वागवले गेले, त्यानंतर तो वाद अधिकच पेटला.

आता भारताविषयी. २०१७ च्या डोकलाम पेचप्रसंगात आपल्याकडील अनेक वाहिन्यांनी 'ग्लोबल टाइम्स'चा प्रत्येक अग्रलेख 'चीनची धमकी' म्हणून चालवला. तेव्हाचे संपादक हू शीचिन यांची शैलीच आक्रमक होती आणि ते पत्र बाजारातील खपावर वाढलेले आहे, हे कोणी सांगितले नाही. 'पीपल्स डेली'सारख्या पत्रात किंवा सरकारी निवेदनात 'आधी बजावले नव्हते असे म्हणू नका' असा शब्दप्रयोग आला तर मात्र थांबून वाचावे. १९७८ मध्ये व्हिएतनामवरील स्वारीपूर्वी तो वापरला गेला होता, २०१७ मध्ये भारताबाबत आणि मे २०१९ मध्ये अमेरिकेला दुर्मिळ खनिजांवरून इशारा देताना पुन्हा आला. पहिल्या वेळी युद्ध झाले, पुढच्या दोन्ही वेळा झाले नाही, पण तिन्ही वेळा तो वरून ठरवून आलेला होता.

अडचण अशी की, हा फरक जागेवर राहून ओळखणारे लोकच कमी होत आहेत. मार्च २०२० मध्ये अमेरिकेने चिनी सरकारी माध्यमांच्या कर्मचाऱ्यांवर १०० ची मर्यादा घातली आणि चीनने तीन मोठ्या अमेरिकी पत्रांच्या वार्ताहरांना देशाबाहेर काढले. २०२३ मध्ये व्हिसाच्या वादात भारत आणि चीन यांनी एकमेकांच्या पत्रकारांची संख्या जवळजवळ शून्यावर आणली. पुण्या-मुंबईतील विद्यापीठांतून चिनी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी 'चानकाओ शियाओशी' आणि 'लिएनह चाओपाओ' मूळ भाषेत वाचून येथे लिहिले, तर निदान काही अंशी ती उणीव भरून निघेल. असे कोणी या चर्चेत असल्यास त्यांनी जरूर पुढे यावे.