आमच्या समूहगान गटाची जुनी वेबसाइट नव्याने करायचीय, सुरुवात कुठून करू?

मध्यलय
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत आमचा समूहगानाचा गट आहे, चाळीसेक जण, निवृत्त बँकवाले, शिक्षिका, कॉलेजची मुलं असे सगळे, दर रविवारी सकाळी तालीम. साइट २००९ मध्ये एका सभासदाच्या मुलाने हौसेने करून दिली होती, तेव्हा सगळ्यांना फार अभिमान वाटायचा तिचा. आता मोबाइलवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी, गाणी ऐकायचं बटण फ्लॅशवर होतं ते २०२० नंतर मेलंच, आणि मराठी मजकूर कुठल्यातरी जुन्या फॉण्टमधला आहे त्यामुळे बऱ्याच जणांना नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.
गेल्या महिन्यात एक ताई तालमीला आल्या, म्हणाल्या साइटवरच्या पत्त्यावर दोन रविवार जाऊन आले, तिथे कुणीच नव्हतं. तो हॉल आम्ही सोडून सहा वर्षं झाली. मला इतकं लागलं ते की त्याच दिवशी कमिटीला सांगितलं, हे काम मी घेते.
आता कमिटीत प्रत्येकाला वेगळं हवंय. अध्यक्षांचं मनोगत, सगळ्या कार्यक्रमांचे फोटो, गाण्यांचे शब्द, स्वरलिपी, शिवाय सरांना तालमीची रेकॉर्डिंग्ज टाकायचीत. मला वर्ड आणि एक्सेल येतं, बाकी शून्य. कुठून धरू हे?

खिडकीतला_कोडर
ताई, त्या बाई दोन रविवार गेल्या ना, तुमचं पहिलं पान त्यांच्यासाठी करा. मोबाइलवर साइट उघडली की बोट न सरकवता दिसलं पाहिजे: तालीम कधी, किती वाजता, कुठल्या हॉलमध्ये, नकाशाची लिंक, फोन कुणाला करायचा आणि गाणं शिकलेलं नसलं तरी येता येतं का. नवीन माणूस या शेवटच्या प्रश्नावरच अडतो, विचारायला लाजतो आणि येतच नाही. मनोगत आतल्या पानावर छान राहील.
पण त्याच्याही आधी एक काम करा, डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते बघा. हौसेने केलेल्या साइटचं डोमेन बहुतेक वेळा ज्याने केली त्याच्या जुन्या ईमेलवर असतं, तो ईमेल बंद झाला की नूतनीकरणाची आठवणच कुणाला येत नाही आणि मग नाव दुसराच कुणीतरी घेऊन बसतो. गटाचा एक वेगळा ईमेल काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा.
मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांत, आणावाच लागेल, त्याशिवाय गूगलला तुम्ही मराठीत सापडणारच नाही, कारण त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच आहेत. ऑनलाइन कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर पहिली वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ डोळ्यांनी तपासा, तिथेच हमखास घोळ होतो. फॉण्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट. पाच-सहा पानांसाठी गूगल साइट्स पुरे, वर्डप्रेस घेतलं तर त्याचे अपडेट बघणारं माणूस लागतं.

काळी_चार
मी पुण्यात समूहगान शिकवते म्हणून रेकॉर्डिंगबद्दल सांगते, कारण साइट सभासद रोज उघडतील ते याच्यासाठीच. आख्ख्या गाण्याची एक फाइल टाकू नका. दोन-तीन सुरावटी एकत्र गात असाल तर प्रत्येक भागाची वेगळी फाइल करा, त्यात तो भाग मोठा आणि बाकीचे मागे हळू, म्हणजे पोळ्या लाटता लाटतासुद्धा आपली ओळ कानात बसते. फाइलच्या नावातच गाणं, भाग आणि पट्टी, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर धरायचा ते, लिहा. बायका घरी काळी पाचला म्हणून बघतात आणि तालमीत सर काळी चार धरतात, मग पहिली वीस मिनिटं त्यातच जातात. १२८ केबीपीएसची एमपी३ पुरते, चार मिनिटांचं गाणं साधारण चार एमबी, साध्या फोनवरही उतरतं.
स्वरलिपी मात्र नुसती टाइप करून टाकू नका, आमचे हात पोळलेत. वर्डमध्ये स्पेस देऊन मात्रा नीट एकाखाली एक लावल्या होत्या, वेबपेजवर चढवल्यावर सगळ्या जास्तीच्या स्पेस गळून गेल्या आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, भलत्याच अक्षरावर आली. कोमलची खालची रेघ, मंद्राचा टिंब, तीव्र मध्यमाची उभी रेघ हेही प्रत्येक फोनवर नीट उमटेल असं नाही. पीडीएफ करा आणि तीच टाका.

सही_शिक्का
गाण्यांचे शब्द टाकायच्या आधी थांबा जरा. आपल्याकडे कवी गेल्यानंतर पुढची ६० वर्षं हक्क राहतो, तो मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले, त्यांचे शब्द मोकळे आहेत. गदिमा गेले १९७७ मध्ये, म्हणजे २०३७ संपेपर्यंत परवानगी हवी. संतांचे अभंग मोकळे, पण चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर चालीचा हक्क वेगळा. आणि जुन्या साइटवर सभासदांचे नंबर, घरचे पत्ते असतील तर ते आजच काढा, मुलांचे फोटोही आईवडिलांना विचारूनच टाका.

मध्यलय
सगळ्यांचे मनापासून आभार. डोमेन बघितलं, त्या मुलाच्याच ईमेलवर आहे, तो आता कॅनडात असतो, काल बोललो आणि या आठवड्यात बदलून देतो म्हणाला. सरांनी भागवार रेकॉर्डिंगचं ऐकून लगेच तीन गाणी निवडलीसुद्धा. फक्त एक राहिलं, २०१२ च्या आसपासचे कार्यक्रमांचे फोटो जुन्या साइटवर दिसत नाहीत आणि मूळ सीडी कुणाकडेच नाही. त्यातले आमचे दोन ज्येष्ठ आता नाहीयेत, म्हणून ते फार हवे आहेत.

खिडकीतला_कोडर
इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे, ते साइट्सच्या जुन्या प्रती साठवून ठेवतं, तिथे तुमच्या साइटचा पत्ता टाका आणि २०१२-१३ च्या तारखा एकेक उघडून बघा. फोटो लहान आकाराचे असतील, सगळे मिळतीलच असं नाही, पण जे दिसतील ते लगेच उतरवून ठेवा. आणि सभासदांच्या जुन्या ईमेलमध्येही शोधायला सांगा, त्या काळात फोटो लोक मेलनेच पाठवायचे.

मध्यलय
उघडलं!! सात फोटो मिळाले, एकात आमचे तबल्यावरचे काका आहेत. आत्ताच त्यांच्या घरी पाठवला.