जुनी गाडी विकत घेऊन चालवत गोव्यात आणताना (अनुभव धागा)

मांडवीपार
आज पर्वरीच्या उतारावर एक डुक्कर फियाट बॉनेट वर करून उभी. परराज्याचा नंबर, पुढच्या जाळीवर सुकलेला हार. कोणीतरी हौसेने घेतली, पाच-सहाशे किलोमीटर आणली आणि घर दिसायला लागल्यावर बाई रुसली! बघून बरंच जुनं आठवलं, म्हणून हा धागा. फियाट, पद्मिनी, अँबॅसिडर, हेराल्ड, बीटल, ज्यांनी ज्यांनी चालवत आणल्यात त्यांनी लिहा. रम्य आठवणी नकोत. काय बिघडतं, का बिघडतं आणि रस्त्यात काय करायचं, तेवढंच.

सुरुवात माझ्याकडून. पाच-सात वर्षं उभी असलेली गाडी लांब पल्ल्याने बिघडत नाही, उभं राहिल्याने बिघडलेली असते. इंजिन सहसा दगा देत नाही, रबर आणि पेट्रोल देतात. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, नवीन त्यात मिसळू नका. पंपापासून कार्बुरेटरपर्यंतचा पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) बदला. आता सगळीकडे ई-२० पेट्रोल आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, १९६४ च्या डिलाइटचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. पाइप घेताना त्यावर आर-९ (पेट्रोल पाइपची प्रत) छापलेलं बघून घ्या.

स्लोजेट
इथेनॉलचा दुसरा त्रास कोणी सांगत नाही. टाकीच्या आत बसलेला जुना गोंद ते सोडवतं. पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये फिल्टर भरतो. लक्षण ठरलेलं: सपाट रस्त्यावर ताशी साठच्या वेगात छान, मग हिसके, मग बंद. दोन मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. पारदर्शक फिल्टर लावा आणि तसलेच तीन खिशात ठेवा, फार महाग नसतात. टाकी पावाच्या खाली जाऊ देऊ नका, गाळ तळाला असतो. पेट्रोलच्या काट्यावर तर विश्वासच नको.

स्लोजेट
आणि हो, फिल्टर बदलूनही तेच होत असेल तर टाकीचं झाकण सैल करा. सुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पंप ओढतो, टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल अडतं. या एका कारणावरून लोकांनी अख्खा कार्बुरेटर खोललाय.

काजूबोंडू
डुक्कर फियाट म्हणजे कुठली? पद्मिनीच का?

पेचकस
नाही हो. १९५४ पासूनची गोलगुबगुबीत ११००, नाक पुढे आलेली. पद्मिनी १९७४ ची, चौकोनी. इंजिन मात्र तेच १०८९ सीसी घराणं.

काजूबोंडू
देव बरें करूं

पेचकस
ब्रेकवर कोणी बोलेना म्हणून लिहितो. अशा बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना ड्रम, एकच सर्किट. एक पाइप फुटला की पेडल जमिनीला, मग हँडब्रेक आणि कुलदेवता. निघण्याआधी जुनं ऑइल पूर्ण काढून नवीन भरा, चारही चाकांतून स्वच्छ येईपर्यंत ब्लीड करा, म्हणजे आतली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर १४० ला. घाटात १४० गाठायला फार वेळ लागत नाही. उकळलं की आत वाफ, आणि पेडल स्पंजसारखं.

आता जे खरं फसवतं ते. रबरी ब्रेक पाइप बाहेरून नवा कोरा दिसतो, आतून सुजलेला असतो. पाय दाबला की ऑइल जातं, सोडला की परत येत नाही. चाक धरून राहतं, ड्रम तापतो, जळका वास येतो. ओळखायचं असं: गाडी जॅकवर, चाक अडलेलं असताना आधी मास्टर सिलिंडरला (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) जोडलेल्या पाइपचा नट किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये. बहुतेक वेळा पुश-रॉडला (पेडलच्या दांड्याला) मोकळा खेळ ठेवलेला नसतो, पेडल थोडं दाबलेलंच राहतं. तिथे सुटलं नाही, पण चाकाचा ब्लीड निप्पल (ऑइल काढायची तोटी) सैल केल्यावर सुटलं, तर पाइप सुजलाय. दोन्ही करून सुटत नसेल तर चाकाचा सिलिंडर गंजून अडकलाय किंवा शूची (ड्रमवर दाबणाऱ्या पट्टीची) स्प्रिंग गेलीय. प्रत्येक वेळी नंतर ब्लीड करायला विसरू नका.

अबोली_फोंडा
पेचकस दादा, हे कॉपी करून ठेवलं. घरातल्यांना दाखवते, म्हणजे गाडी घेण्याचा बेत आपोआप रद्द 😀

पेचकस
ताई, बेत रद्द नका करू, नवे ब्रेक पाइप घ्या. गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही.

घाटवाट
रस्ता. पुण्याहून येणाऱ्याने निपाणी किंवा संकेश्वरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी धरावा. बेळगावहून चोर्ला घाटाने केरी-सांखळी जवळ पडतं, पण जुन्या गाडीला आंबोली बरी, चढण आजऱ्याकडून हळूहळू येते. खरी परीक्षा उतारात आहे. वरून सावंतवाडीकडे उतरताना दुसरा गिअर टाका आणि त्यातच राहा. न्यूट्रलमध्ये सोडणारे महाभाग आहेत, पेट्रोल वाचवतात म्हणे. ब्रेक दाबून धरायचा नाही. जोरात दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा, ड्रमला श्वास घेऊ द्या.

मुंबईहून असाल तर राष्ट्रीय महामार्ग ६६ ने, पण दमट उकाडा. पहाटे निघा. काळोखात मुळीच नको, कारण डायनामो (बॅटरी भरणारं जुनं यंत्र).

डायनामो
कोणी हाक मारली का? 😄 जुन्या गाड्यांत अल्टरनेटर नाही. डायनामो आयडलिंगला जवळजवळ काही देत नाही. हेडलाइट, वायपर आणि ट्रॅफिक एकत्र आले की बॅटरी खर्ची पडते. बेल्टवर अंगठा दाबा, साधारण बारा-पंधरा मिलिमीटर दबायला हवा. फार ताणला तर डायनामोचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं. आणि जुन्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह वायर चेसिसला. फोनचा चार्जर लावण्याआधी बॅटरीची कुठली वायर चेसिसला गेलीय ते बघा, नाहीतर धूर.

म्हापशेकर_७४
पाऊस असेल तर आंबोलीत वायपरवर भरवसा ठेवू नये. तंबाखू ओली करून काचेवर बाहेरून चोळा, पाणी थेंब न होता पसरतं. अर्धा बटाटाही चालतो.

काजूबोंडू
उरलेल्या अर्ध्या बटाट्याची भाजी, पाव बरोबर घ्या

म्हापशेकर_७४
बाब, तंबाखूचा हात धुऊन!

स्लोजेट
गरम होण्याबद्दल. तीन-चार गॅरेजांत सांगतील की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाका, गोव्यात कशाला हवा. ऐकू नका.

पेचकस
यावर मी असहमत. उभ्या गाडीतला जुना थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला तर घाटात इंजिनाचं हेडच जाईल. प्रवासापुरता काढलेला बरा.

स्लोजेट
मग नवा घाला! घालण्याआधी पातेल्यात पाणी उकळून त्यात दोऱ्याने टांगा, उघडतो का बघा. काढून टाकलं की इंजिन कायम थंड, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास येतो मग.

पेचकस
पातेल्याची चाचणी मान्य. पण ती घरी. विकणाऱ्याच्या अंगणात पातेलं कोण देणार?

अबोली_फोंडा
मालकीणबाई देतील, चहा घेतल्यावर 😂

डायनामो
गरम होण्याचं आणखी एक कारण सगळे विसरतात: पॉइंट. डेल्कोमधल्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्यातल्या) पॉइंटची, म्हणजे उघडझाप करणाऱ्या जोडाची, टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, ठिणगीचं टायमिंग मागे पडतं, इंजिन तापतं. रेडिएटरला दोष देऊन लोक तो डाकून आणतात. नवीन पॉइंट बसवून लगेच लांब निघालात तर टाच सुरुवातीलाच जास्त झिजते. कॅमला मोहरीएवढं ग्रीस लावा, शंभर किलोमीटरवर गॅप पुन्हा बघा. ०.४ ते ०.५ मिलिमीटर. फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड घरी पोचवण्यापुरतं काम करतं.

पॉइंटला जोडलेला कंडेन्सर तर दोन घ्या. गरम झाल्यावरच मरतो, थंड झाला की पुन्हा जिवंत. त्यामुळे गॅरेजमध्ये गाडी नेहमी ठीक असते. डेल्कोचं झाकण काढून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पॉइंटमध्ये मोठी निळी-पांढरी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला.

रांगेत_उभा
यंत्राचं झालं, आता कागद. दुसऱ्या राज्यातून आणताना तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मालकी हस्तांतरणासाठी २९ आणि ३०. मूळ आरसी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चेसिस नंबरचा ठसा स्वतः घ्या: आधी गंज तारेच्या ब्रशने साफ, त्यावर पातळ कागद, पेन्सिल आडवी धरून घासा. ठशातला एक आकडा आणि आरसीवरचा आकडा जुळला नाही तर तिथेच थांबा. थर्ड पार्टी विमा कायद्याने गाडीबरोबर येतो, पण चौदा दिवसांत विमा कंपनीला नाव बदलायला कळवायचं. गाडीचं स्वतःचं नुकसान भरून देणारा भाग आपोआप येत नाही, हे ध्यानात ठेवा. गोव्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो.

काजूबोंडू
५० वर्षांवरची असेल तर व्हिंटेज नंबर घेता येतो ना? व्हीए अक्षरांचा?

रांगेत_उभा
येतो, २०२१ च्या नियमांनी. मूळ रूप फारसं बदललेलं नको. नवीन नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. मग नूतनीकरण ५,००० आणि पाच वर्षं. पण ती गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच. शनिवारी म्हापशाला मासळी आणायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

म्हापशेकर_७४
शुक्रवारी बाजार असतो, शनिवारी नाही 🙂

रांगेत_उभा
मासळी रोज असते काका

घाटवाट
टायरबद्दल कोणी लिहिलं नाही. खाचा चांगल्या म्हणून टायर चांगला नाही. बाजूवर चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. असा टायर घाटात नेऊ नका, बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. चारीच्या चारी आकडे नसले तर तो त्याहून जुना. स्टेपनीचाही बघा, ती सगळ्यात म्हातारी असते.

पेचकस
निघाल्यावर पहिला थांबा वीस किलोमीटरवर. चारही हबला (चाकाच्या मधल्या भागाला) तळहात लावा. कोमट ठीक. तीन कोमट आणि एक चटका देतो, तर त्याचं बेअरिंग घट्ट आहे किंवा शू अडकलाय. चाकाचे नट पुन्हा आवळा. खाली वाकून बघा, उग्र पेट्रोलचा वास आला तर पुढे जाऊच नका.

स्लोजेट
डब्यात काय ठेवता सगळे?

पेचकस
फॅन बेल्ट, रेडिएटरचा वरचा-खालचा हौज पाइप आणि चार क्लॅम्प, पॉइंट-कंडेन्सर-रोटर, एक प्लग, फ्यूज, पंपाचा डायफ्राम, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, दोन लिटर २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल, दहा लिटर पाणी, दोन मीटर वायर, तारेचं बंडल, इन्सुलेशन टेप, फडकी. टायरची ट्यूब विसरू नका, आणि ड्रायव्हरची भूकही.

अबोली_फोंडा
हेराल्ड येतेय कुणाकडे तर लक्षात ठेवा, तिच्या पुढच्या ट्रनियनला (चाक वळवणाऱ्या खालच्या सांध्याला) ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं. ग्रीस आत जाऊन घट्ट होतं, खालच्या आट्या सुकतात, आणि एक दिवस चाक आडवं.

काजूबोंडू
आडवं म्हणजे?

अबोली_फोंडा
म्हणजे पडलेलं. पूर्ण.

काजूबोंडू
आई गं

म्हापशेकर_७४
पद्मिनीच्या दांड्याच्या (स्टिअरिंगजवळच्या) गिअरचं सांगून जातो, मग जेवायला. बुश झिजले की पहिला आणि रिव्हर्सच्या मध्ये अडकतो, विशेषतः घाईत ओढला तर. गाडी बंद, बॉनेट उघडा. स्टिअरिंग कॉलमच्या तळाला दोन लिव्हर दिसतात. हाताने दोन्ही न्यूट्रलला सरळ रेषेत आणा, सुटतं. हात काळे होतात, फडकं ठेवा. मांडवीच्या पुलावर अडकला तर मागचे पाच मिनिटं हॉर्न वाजवतील, ते सहन करायचं.

मांडवीपार
छान जमतंय. व्हेपर लॉकचं (उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होऊन अडतं ते) कोणी लिहा, उन्हाळ्यात तेच फार. आणि पर्वरीची फियाट गेली बरं का, संध्याकाळी जागा रिकामी होती.

स्लोजेट
पंप आणि लाइनवर ओलं फडकं, पंधरा मिनिटं थांबा. परत परत सेल्फ मारलात तर बॅटरीही जाईल. कायमचं म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून लांब बांधा, कार्बुरेटरखाली बेकलाइटची जाड पॅकिंग घाला. काय झालं होतं तिला?

मांडवीपार
ठाऊक नाही. पण जाळीवरचा तो हार... समोरची अर्धी जाळी झाकलेली होती.

पेचकस
मग तेच. रेडिएटरला हवा कुठून मिळणार! झेंडू बॉनेटवर घाला, जाळी मोकळी ठेवा. आणि चाकाखाली लिंबूच ठेवा, नारळ नको. टायर २०१४ चा असेल तर नारळ जिंकेल.